मायनर स्लॅश कॉर्ड गिटारवर: बारीक तीन तारा जागेवर, बेस फिरता

कॉर्ड शीटवर ‘ए मायनर/जी’ असं काही दिसलं की बरेच नवखे वादक तिरकी रेघ आणि तिच्यापुढचं अक्षर सरळ गाळतात आणि नुसती ए मायनर वाजवतात. गाणं अडत नाही, गाणारा थांबत नाही, त्यामुळे ही सवय वर्षानुवर्षं टिकते. पण शीट लिहिणाऱ्याने ते अक्षर शोभेला लिहिलेलं नसतं. कॉर्ड तीच राहून खालचा स्वर एकेक पायरी उतरत असतो, आणि त्या ओळीतली सगळी ओढ त्या उतरण्यात असते. ती गाळली की चार मात्रा नुसत्या एकाच जागी उभं राहिल्यासारख्या वाटतात.

दुसरा प्रकार म्हणजे ॲपमधली आकृती बघून सहाही तारांवर बोटं पसरण्याचा प्रयत्न करायचा, करंगळी पोचत नाही म्हणून वैतागायचं आणि ‘स्लॅश कॉर्ड अवघड असतात’ असं ठरवून टाकायचं. माझ्या मते अवघड त्या कॉर्ड नसतात, त्या शिकण्याचा क्रम उलटा असतो. इथे क्रम असा आहे: आधी बारीक तीन तारांवर पूर्ण मायनर कॉर्ड धरायची, मग जाड तारांवर एकाच बोटाने बेस फिरवायचा. पूर्ण आकार शेवटी.

## चिन्ह वाचायचं कसं

रेघेच्या डावीकडे कॉर्ड, उजवीकडे सर्वांत खालचा स्वर. ए मायनर/जी म्हणजे ए मायनरचे ए, सी, ई हे तीन स्वर आणि त्यांच्या खाली जी. उजवीकडचा जी हा एकच स्वर आहे, जी मेजर कॉर्ड नव्हे. दोन कॉर्ड एकदम वाजवायच्या आहेत असा समज करून घेऊ नका. बोलताना कुणी ‘ए मायनर स्लॅश जी’ म्हणतं, कुणी ‘ए मायनर ओव्हर जी’.

पेटीवर सरगम शिकलेल्यांना हे लगेच कळेल. ए ला सा मानलं तर ए मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. आता खाली कोणता स्वर ठेवता त्यावर रंग ठरतो. कोमल ग, म्हणजे सी, खाली आला की मायनरची उदासी कमी होते आणि कॉर्ड अर्धवट मेजरकडे झुकते. प, म्हणजे ई, खाली आला की कॉर्ड अधांतरी लटकते आणि कुठेतरी जाऊन टेकावं असं वाटत राहतं. हे दोन्ही स्वर मुळात कॉर्डमधलेच असल्यामुळे अशा रचनांना इन्व्हर्जन म्हणतात.

कोमल नी खाली आला, म्हणजे आपला जी, की गोष्ट बदलते. हा स्वर मूळ तीन स्वरांत नाही. तो खाली उतरायला टपलेला असतो आणि त्याच्यानंतर कान एफ किंवा एफ शार्पची वाट बघतो. मायनर स्लॅश कॉर्डचा सर्वांत जास्त वापर याच जागी होतो: ए मायनर/जी, ई मायनर/डी, डी मायनर/सी, बी मायनर/ए. चारही ठिकाणी बेस मूळ स्वरापासून दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरचे, धातूच्या पट्ट्यांमधले कप्पे) खाली आहे. हे अंतर लक्षात ठेवलं तर शीटवर न लिहिलेलंही तुम्हाला सापडू लागेल.

नावांचा थोडा गोंधळ असतो तोही इथेच मिटवू. ए मायनरच्या खाली एफ ठेवला की मिळणारे चार स्वर म्हणजेच एफ मेजर सेव्हन. एफ शार्प ठेवला तर एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, जिला हाफ-डिमिनिश्डही म्हणतात. वाजतं तेच, नाव संदर्भानुसार. आधी ए मायनर चालू असेल आणि फक्त बेस उतरत असेल तर स्लॅशचं नाव वाचायला सोपं, कारण हातांना काय करायचं ते त्यातच लिहिलेलं असतं.

आता पुढच्या आकृत्यांबद्दल. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे: ई, ए, डी, जी, बी, ई. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. आकार मी जाड तारेपासून बारीक तारेकडे लिहिले आहेत. आकडा म्हणजे फ्रेट, ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे न वाजणारी तार. ए मायनर म्हणून × ० २ २ १ ०.

## सुरुवात ई मायनरने, डावा हात रिकामा

तिसरी, दुसरी आणि पहिली तार मोकळी छेडा. जी, बी, ई. हे ई मायनरचे तिन्ही स्वर आहेत, एकही बोट न लावता. म्हणजे या तीन तारा वाजत असताना जाड तारांवर तुम्ही जो स्वर वाजवाल त्याने एक ई मायनर स्लॅश कॉर्ड तयार होणार. गिटारची ही सोय इतकी उघड आहे की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता हे पाच आकार क्रमाने:

× × २ ० ० ०, बेस ई, साधी ई मायनर
× × ० ० ० ०, बेस डी, ई मायनर/डी
× ४ × ० ० ०, बेस सी शार्प, ई मायनर/सी शार्प
× ३ × ० ० ०, बेस सी, म्हणजेच सी मेजर सेव्हन
× २ × ० ० ०, बेस बी, ई मायनर/बी

उजव्या हाताचा अंगठा बेसची तार छेडेल आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका अनुक्रमे तिसरी, दुसरी, पहिली तार एकदम उचलतील. चारही तारा एका क्षणी वाजू द्या. स्ट्रम करू नका, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवू नका. स्ट्रम केलं तर मधली चौथी तार मोकळी वाजेल आणि तिचा डी बेसच्या पायऱ्या झाकून टाकेल. पिकनेच, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीनेच, वाजवायचं असेल तर बेस एका मात्रेवर, बारीक तीन तारा पुढच्या मात्रेवर, असं तोडून वाजवा.

डाव्या हाताची बोटं: ई साठी तर्जनी चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. डी साठी ती उचला. सी शार्पसाठी अनामिका पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर, सी साठी मधलं बोट तिसऱ्यावर, बी साठी तर्जनी दुसऱ्यावर. एका वेळी एकच बोट. बोटाचं टोक उभं ठेवा. ते आडवं पडलं तर तिसरी तार बुजते आणि मायनरपणा देणारा जी त्याच तारेवर आहे.

मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, एका आकाराला चार मात्रा. इथे घाई करायचं काहीच कारण नाही, कारण या सरावात बोटांना काम जवळपास नाही. काम कानाला आहे. प्रत्येक वेळी बेस बदलला की वरच्या त्याच तीन स्वरांचा अर्थ कसा पालटतो ते ऐका. सी वर आल्यावर जणू खोलीतला दिवा लागतो, सी शार्पवर अस्वस्थ वाटतं, बी वर सगळं अर्धवट सोडल्यासारखं. स्वर मात्र तेच, जी, बी, ई. हे एकदा कानाने पकडलं की शीटवरचं स्लॅशपुढचं अक्षर गाळावंसं वाटत नाही.

इथे पहिला ई मी मुद्दाम चौथ्या तारेवर घेतला आहे, मोकळ्या सहाव्या तारेवर नाही. सहाव्या तारेचा ई खूप खालचा. तिथून सुरू केलं तर पुढचा डी खाली उतरण्याऐवजी वर उडी मारतो आणि उतरणारी ओळच तुटते. बेसची चाल वाजवताना कोणता स्वर यासोबत तो कोणत्या सप्तकातला, हेही बघावं लागतं. बऱ्याच कॉर्ड शीट हे सांगत नाहीत.

## ए मायनर: तीन तारांचा गाभा

आता तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट मधल्या बोटाने, दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट तर्जनीने, पहिली तार मोकळी. ए, सी, ई. पूर्ण ए मायनर तयार. चौथी तार सोडून दिली आहे, तिथला ई पहिल्या तारेवर आहेच.

बेसला मोकळी पाचवी तार घ्या: × ० × २ १ ०. ही आपली घरची ए मायनर.

अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा: ३ × × २ १ ०. ही झाली ए मायनर/जी. जी, ए, सी, ई, चारही स्वर हजर, आणि हात कुठेही ताणला गेला नाही. ॲपमधली ३ ० २ २ १ ० ही आकृती बघून घाबरलेल्या माणसाने आधी ही वाजवावी.

पाचवी आणि चौथी तार गप्प ठेवायची कशी? बोटांनी छेडत असाल तर प्रश्नच नाही, त्या तारांना हात लावू नका. स्ट्रम करायचं असेल तर अनामिका किंचित आडवी होऊ द्या, म्हणजे तिचा मांसल भाग पाचव्या तारेला हलका टेकेल. आणि मधल्या बोटाचं टोक तिसऱ्या तारेवर असतानाच वरच्या चौथ्या तारेला चाटून जाऊ द्या. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. टेकलेली तार स्ट्रममध्ये ‘टक्’ असा कोरडा आवाज करते, तो चालतो.

चौथी तार गप्प राहिलीच पाहिजे, कारण तिचा मोकळा डी या कॉर्डचा नाही. पाचव्या तारेचा मोकळा ए मात्र कॉर्डमधलाच आहे, मग तो वाजला तर बिघडलं काय? चुकत नाही, पण गढूळ होतं. सहाव्या तारेवरचा जी साधारण ९८ हर्ट्झ आणि मोकळा ए ११० हर्ट्झ. दोन खालचे स्वर इतके जवळ आले की दर सेकंदाला सुमारे १२ वेळा आवाज कमी-जास्त होतो आणि कानाला ती घरघर जाणवते. हाच जी आणि ए एक सप्तक वर वाजवले तर ती खुपत नाही. म्हणून जाड तारांवर शेजारशेजारचे स्वर टाळण्याची सवय लावून घ्या, फक्त याच कॉर्डपुरती नव्हे.

आणखी एक फसवी जागा. काही जण ए मायनर/जी म्हणून ३ × २ ० १ ० वाजवतात, कारण हाताला तो आकार सोपा पडतो. मोजून बघा: जी, ई, जी, सी, ई. यात ए कुठेच नाही. ही सी/जी आहे, म्हणजे सी मेजर. उदास ओळीत अचानक मोकळं हसू आल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. पाचवी तार मोकळी वाजू दिली, ३ ० २ ० १ ०, तर ए परत येतो आणि ती ए मायनर सेव्हन/जी होते; काही गाण्यांत ती छान बसते, वर सांगितलेली घरघर चालवून घ्यायची असेल तर.

## ए, जी, एफ शार्प, एफ

मायनर स्लॅश कॉर्ड एकटी वाजवून शिकू नये असं माझं ठाम मत आहे. एकटी ए मायनर/जी ऐकली तर ती नुसती जड वाटते. तिची जागा साखळीत आहे:

× ० × २ १ ०, ए मायनर
३ × × २ १ ०, ए मायनर/जी
२ × × २ १ ०, ए मायनर/एफ शार्प
× × ३ २ १ ०, एफ मेजर सेव्हन

तर्जनी चारही कॉर्डमध्ये दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर चिकटलेली राहते. ती उचलली जात असेल तर थांबा आणि वेग कमी करा. अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉर्डच्या मध्ये येते. ए मायनर/जी मध्ये अनामिका सहाव्या तारेवर आणि मधलं बोट तिसऱ्या तारेवर असतं. एफ शार्पसाठी दोघांनी कामं बदलायची. मधलं बोट सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. शेवटच्या कॉर्डला पुन्हा उलट: अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्या तारेवर.

ही अदलाबदल स्वतंत्रपणे घोटवा. फक्त दुसरी आणि तिसरी कॉर्ड, आलटून पालटून, उजवा हात बंद. आवाज नको, बोटांना रस्ता कळू दे. मग उजवा हात जोडा, पण आधी फक्त बेस वाजवा: ए, जी, एफ शार्प, एफ. बेस वेळेवर आणि स्वच्छ आला की बाकीच्या तारा अर्धी मात्रा उशिरा आल्या तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. उलट बेस उशिरा आला तर लगेच कळतं. म्हणून कॉर्ड बदलताना बेसचं बोट आधी टेकवायचं, बाकीची मागून.

एफ इथे एक सप्तक वर गेला आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सहाव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा खालचा एफ हवा असेल तर दोन मार्ग: अंगठा मानेवरून वळवून सहाव्या तारेवर टेकवायचा, किंवा बॅरे (एकच बोट आडवं ठेवून अनेक तारा एकदम दाबणं) येत असेल तर १ ३ ३ २ १ १ ही पूर्ण एफ मेजर घ्यायची. अंगठ्याचा मार्ग अरुंद मानेच्या गिटारवर चालतो. क्लासिकल गिटारच्या रुंद मानेवर त्याच्या नादी लागू नका.

एफ शार्प वगळून ए, जी, एफ, ई असे चार स्वर उतरवले तर मिळतो लॅमेंट बेस. १७ व्या शतकापासून युरोपीय संगीतकार शोकगीताखाली ही चार पायऱ्यांची उतरण वापरत आले आहेत. शेवटच्या ई वर ई मेजर वाजवा, ० २ २ १ ० ०, म्हणजे पुन्हा ए मायनरकडे परतायची वाट आपोआप उघडते.

## पूर्ण आकार, ज्यांना स्ट्रम करायचं आहे त्यांच्यासाठी

तीन तारांचा गाभा बोटांत बसला की भरगच्च आवाजासाठी चौथी तार जोडा. ए मायनर नेहमीसारखी धरा, × ० २ २ १ ०: तर्जनी दुसऱ्या तारेवर, मधलं बोट चौथ्या, अनामिका तिसऱ्या तारेवर. आता करंगळी मोकळी आहे.

थेट सहाव्या तारेवर झेप घेऊ नका. आधी ती पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा: × ३ २ २ १ ०. ही ए मायनर/सी. ए मायनर आणि ए मायनर/सी यांच्यात ये-जा करा, बाकी तीन बोटं जराही न हलवता. हे सहज झालं की करंगळी एक तार पुढे, सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर: ३ × २ २ १ ०. इथे मनगट थोडं पुढे काढावं लागतं आणि अंगठा मानेच्या मागे, मध्यावर आणावा लागतो. अंगठा मानेच्या वर डोकावत असेल तर करंगळी पोचणार नाही, कितीही ताणा. हाताचा तळवा मानेला चिकटला असेल तरी तेच.

करंगळी दुखायला लागली तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी या. पोचल्यावर तिने तार खाली ओढली जात नाही ना तेही बघा. जाड तार ओढली गेली किंवा फार दाबली गेली की स्वर चढतो आणि सगळी कॉर्ड बेसूर वाटते, मग माणूस बिचाऱ्या ट्यूनिंगच्या मागे लागतो. फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून दाबलं की कमी जोर पुरतो.

या पूर्ण आकारातून एफ शार्पकडे जाणं मात्र गाभ्याच्या आकारापेक्षा सोपं आहे. करंगळी उचलायची, मधलं बोट चौथ्या तारेवरून सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर न्यायचं. अनामिका आणि तर्जनी जागेवर. म्हणून करंगळीवर घेतलेली मेहनत वाया जात नाही.

## बाकीच्या नेहमीच्या मायनर

ई मायनर/जी हवी असेल तर ३ २ २ ० ० ०. त्यासाठी ई मायनर तर्जनी आणि मधल्या बोटाने धरायची सवय लावा, म्हणजे अनामिका सहाव्या तारेसाठी मोकळी राहते. ई मायनर/बी साठी नवीन काही नाही, नेहमीच्या आकारात सहावी तार टाळायची.

डी मायनरमध्ये एक छोटी सुधारणा फार उपयोगी पडते. बहुतेक जण दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट अनामिकेने धरतात. तो करंगळीने धरा: × × ० २ ३ १, मधलं बोट तिसऱ्या तारेवर, करंगळी दुसऱ्या, तर्जनी पहिल्या तारेवर. आठवडाभर विचित्र वाटेल. पण आता अनामिका मोकळी आहे, आणि ती पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकली की डी मायनर/सी तयार: × ३ ० २ ३ १. चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकली की डी मायनर/एफ: × × ३ २ ३ १. पाचवी तार मोकळी वाजू दिली तर डी मायनर/ए. एका बोटाच्या बदलावर तीन कॉर्ड फुकट. डी मायनर/सी नंतर जी/बी, × २ ० ० ० ३, आणि मग सी मेजर वाजवून बघा. बेस डी, सी, बी, सी असा जातो आणि ही वाट तुम्ही असंख्य गाण्यांत ऐकलेली असेल.

बी मायनरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे स्लॅश कॉर्ड मूळ कॉर्डपेक्षा सोपी आहे. × २ ४ ४ ३ २ हा बॅरे जमत नाही म्हणून कित्येक जण बी मायनर असलेली गाणीच टाळतात. बी मायनर/डी बघा: × × ० ४ ३ २. तीन बोटं, बॅरे नाही, बेसला मोकळी चौथी तार. आणि बी मायनर/ए: × ० ४ ४ ३ २, चार बोटं पण बॅरे नाही, बेसला मोकळी पाचवी तार. बी मायनरच्या जागी बी मायनर/डी वाजवणं तंतोतंत तेच नव्हे, पण बॅरे बसेपर्यंत ही पळवाट मी कुणालाही सुचवेन. बॅरे आल्यावर बी मायनर, बी मायनर/ए, जी, एफ शार्प सेव्हन अशी उतरण वाजवा. तीही ए मायनरच्या लॅमेंट बेससारखीच चार पायऱ्यांची आहे.

## उजवा हात

स्ट्रममध्ये चारही मात्रांवर सगळ्या तारा झोडल्या तर बेस ऐकूच येत नाही आणि डाव्या हाताची सगळी मेहनत बुडते. पहिल्या मात्रेवर फक्त बेसची तार, बाकी तीन मात्रांवर बारीक तारांचा हलका स्ट्रम, ही सर्वांत साधी आणि सर्वांत कामाची पद्धत. बेसचा ठोका बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा ठेवा, पण दणका नको.

सहा मात्रांच्या संथ चालीसाठी बेस, तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी या क्रमाने एकेक तार छेडा. अंगठ्याने तार सोडल्यावर तिला पुढच्या कॉर्डपर्यंत वाजू द्यायचं. मात्र बेस मोकळ्या तारेवर असेल आणि पुढची कॉर्ड दुसऱ्या तारेवर जात असेल, जसं ए मायनरचा मोकळा ए आणि मग सहाव्या तारेचा जी, तर आधीची तार अंगठ्याने किंवा डाव्या हाताच्या एखाद्या बोटाने बंद करायला शिका. नाहीतर तीच घरघर पुन्हा येते.

सोबत बेस गिटार वाजवणारा असेल तर हे सगळं त्याच्यावर सोडा. तो जी वाजवतो आहे आणि तुम्ही वरती साधी ए मायनर वाजवता आहात, तर ऐकणाऱ्याला ए मायनर/जी च ऐकू येते. दोघांनी एकच खालचा स्वर वाजवला की आवाज जड होतो. त्याउलट तुम्ही एकटे आवाजाला साथ देत असाल, तर बेस तुमच्याशिवाय कुणाकडे नाही.

## कुठल्याही मायनरसाठी

बारीक तीन तारांवर आपण आतापर्यंत तीनच आकार वापरले: ई मायनरचा ० ० ०, ए मायनरचा २ १ ०, डी मायनरचा २ ३ १. बी मायनरचा ४ ३ २ हा ए मायनरचाच आकार दोन फ्रेट वर सरकवलेला आहे. यापलीकडे साधा मायनर आकार या तीन तारांवर नाही. सगळ्या मायनर कॉर्ड यांतूनच निघतात. पहिल्या आकारात मूळ स्वर पहिल्या तारेवर, दुसऱ्यात तिसऱ्या तारेवर, तिसऱ्यात दुसऱ्या तारेवर. हवी ती मायनर शोधायची तर त्या तारेवर मूळ स्वर सापडेपर्यंत आकार सरकवायचा.

त्यातला पहिला आकार स्लॅशसाठी सोन्यासारखा आहे. तर्जनी चार बारीक तारांवर आडवी ठेवा, तिसऱ्या फ्रेटवर: × × ३ ३ ३ ३. तिसरी, दुसरी, पहिली तार मिळून जी मायनर, चौथ्या तारेवर एफ. म्हणजे जी मायनर/एफ, एका बोटात. दुसऱ्या फ्रेटवर तोच आडवा बोटाचा आकार एफ शार्प मायनर/ई देतो, पाचव्यावर पुन्हा ए मायनर/जी. दोन फ्रेट खालचा तो टपलेला बेस या आकारात अंगभूतच असतो.

डी मायनर/एफ चा × × ३ २ ३ १ हा आकारही असाच सरकतो, कारण त्यात मोकळी तार नाही: दोन फ्रेट वर ई मायनर/जी, आणखी दोन फ्रेट वर एफ शार्प मायनर/ए. इथे बेसला कोमल ग असतो, म्हणून हा आकार उतरत्या ओळीपेक्षा चढत्या ओळीत जास्त शोभतो.

कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावला तर हातांचे आकार तेच राहतात आणि रेघेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं सारखीच सरकतात. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ए मायनर/जी चा आकार वाजवला की ऐकू येते बी मायनर/ए. शीट कॅपोच्या आकारात लिहिली आहे की खऱ्या स्वरांत, हे आधी तपासा. सोबतच्या पेटीवाल्याला नावं सांगताना खरे स्वर सांगा.